थोड्या पैशांत फुलांचा ताटवा

शाळेपुढे किंवा घरापुढे थोडी मोकळी जागा असते. पावसाळ्यात तिथे गाजरगवत माजते आणि उन्हाळ्यात धूळ उडते. या जागेत फुले लावावीत, असे पुष्कळांना वाटते. पण रोपांसाठी पैसे कोठून आणायचे, या प्रश्नापाशी सगळे थांबतात. समजा, रोपवाटिकेत एक रोप १५ रुपयांना मिळाले, तर शंभर रोपांचे १५०० रुपये झाले. वर्गातल्या मुलांनी वर्गणी काढून एवढे पैसे जमवले, रोपे आणली आणि ती आठ दिवसांत वाळून गेली, तर पुढची कित्येक वर्षे त्या शाळेत बागेचे नाव कोणी काढत नाही. म्हणून पहिला ताटवा स्वस्तात करावा, पण नीट समजून करावा.

एकाच जागी दाटीने लावलेल्या फुलझाडांच्या वाफ्याला मराठीत ताटवा म्हणतात. तुम्ही घरी त्याला ‘क्यारी’ म्हणत असाल. बागेच्या बाबतीत तुमची उर्दू आणि आपली मराठी या सख्ख्या शेजारणी आहेत. बाग, गुलाब, गुलकंद, अत्तर, हौद हे शब्द दोन्हीकडे सारखेच. विहिरीच्या पाण्यावरच्या शेतीला मराठी शेतकरी बागाईत म्हणतो आणि पावसावरच्या शेतीला जिराईत. हे शब्दही फारसी-अरबीतून आलेले आहेत. फुलांची नावे मात्र काही ठिकाणी वेगळी आहेत. तुमचा गेंदा म्हणजे मराठीतला झेंडू. गुल-ए-अब्बास म्हणजे गुलबक्षी, गुलमेंहदी म्हणजे तेरडा, सदाबहार म्हणजे सदाफुली आणि गुल-ए-दाऊदी म्हणजे शेवंती. ही नावे लक्षात ठेवा, कारण बी मागताना समोरच्याला कळायला हवे.

आता जमिनीकडे वळू. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. येथील बरीच जमीन काळी आहे. काळ्या दगडाची हजारो वर्षे झीज होऊन ही माती तयार झाली. ती पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण. पण पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाडे पिवळी पडून मरतात. उन्हाळ्यात हीच माती दगडासारखी कठीण होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उलट, टेकड्यांच्या बाजूला जमीन मुरमाड असते. तिच्यात पाणी थांबतच नाही.

दोन्ही जमिनींवर उपाय एकच, तो म्हणजे कुजलेले शेणखत. ते काळ्या मातीला भुसभुशीत करते आणि मुरमाड मातीत ओल धरून ठेवते. म्हणून माझे मत असे आहे, की जवळ थोडे पैसे असतील तर ते खतावर खर्च करावेत, रोपांवर नाही. चांगल्या मातीत फुकटचे बीही जोमाने वाढते. वाईट मातीत महागडे रोपही तग धरत नाही. शेणखत मात्र पूर्ण कुजलेले, काळसर आणि वास न येणारे असावे. ताज्या शेणाने वाळवी आणि हुमणी येते. हुमणी म्हणजे मुळे खाणारी पांढरी, वाकडी अळी. हळद लावणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो तिचे नाव ऐकताच कपाळाला हात लावील.

ताटवा केवढा करावा? सुरुवातीला ३० फूट लांब आणि ४ फूट रुंद पुरे. एवढी जागा दुरून भरगच्च दिसते. रुंदी चार फुटांहून जास्त नको. कारण तुमचा हात दोन फुटांपर्यंतच सहज पोहोचतो. दोन्ही बाजूंनी वाकून तण काढता आले पाहिजे. वाफ्यात पाय पडला, की भुसभुशीत माती पुन्हा दाबली जाते आणि केलेली मेहनत वाया जाते. भिंतीलगत ताटवा करायचा असेल, तर भिंतीपासून दीड फूट वाट सोडा. दिवसातून निदान सहा तास ऊन पडेल अशीच जागा निवडा. लिंबाच्या दाट सावलीत झेंडूला पाने पुष्कळ येतात आणि फुले थोडी.

चार खुंट्या ठोका, सुतळी बांधा, की ताटव्याची आखणी झाली. सरळ रेषेला हसू नका. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. सतराव्या शतकातील त्या बागेची आखणी चारबाग पद्धतीची आहे. सरळ वाटा आणि पाण्याच्या सरळ पाटांनी बागेचे चौकोनी भाग पाडलेले असतात. ही पद्धत इराणातून आली. बादशहा बाबर भारतात आला, तेव्हा येथे बागांना वाहते पाणी नाही, अशी तक्रार त्याने ‘बाबरनामा’ या ग्रंथात केली आहे. मग त्याने आग्र्याला रहाट बसवून विहिरीचे पाणी वर काढले आणि बागा केल्या. आपल्याकडे बाबराचा खजिना नाही, पण पाण्याची अडचण तीच आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

खोदाई केव्हा करावी, हे या भागात फार महत्त्वाचे आहे. कोरडी काळी जमीन खोदायला गेलात, तर कुदळ उडून परत येते. भर पावसात खोदायला गेलात, तर फावड्याला चिखलाचा गोळा चिकटतो आणि तो वाळला, की विटेसारखा होतो. या दोन्हींच्या मध्ये एक वेळ येते. पाऊस पडून दोन-तीन दिवस उघडीप झाली, माती ओलसर आहे पण हाताला चिकटत नाही, मूठ दाबून सोडली तर ढेकूळ फुटते, अशा स्थितीला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात. वाफसा आला, की एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून काम करावे. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि पहिला चांगला पाऊसही त्याच सुमाराला येतो, हे आपल्या सोयीचेच आहे.

जमीन फूटभर खोदा. हराळीची आणि लव्हाळ्याची मुळे वेचून काढा. हराळीचा एक तुकडा राहिला, तरी महिन्याभरात तिचे जाळे होते. गाजरगवत फुले येण्याआधी मुळासकट उपटा, पण हातांना कापड गुंडाळून. त्याने अंगाला खाज सुटते. हे गवत आपल्या देशातले नाही. १९५० नंतरच्या दशकात ते प्रथम पुण्यात दिसले आणि आता गावोगाव पसरले आहे. मग मातीवर एक इंच जाडीचा शेणखताचा थर पसरा. आपल्या ताटव्याला साधारण पंचवीस घमेली खत लागेल. ज्याच्या घरी बैल किंवा म्हशी आहेत, त्याच्याकडून ते मागून आणता येते. खत मातीत मिसळा आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच करा. अशा उंच वाफ्याला गादीवाफा म्हणतात. वसमतकडचा हळदीचा शेतकरीही कंद पाण्यात कुजू नये म्हणून असेच करतो. कडेला काळे दगड किंवा जुन्या विटा लावल्या, की माती वाहून जात नाही.

आता बियांविषयी. बी विकत घेण्याआधी गावात एक फेरी मारा. गुलबक्षी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात असतेच. तिच्या झाडाखाली काळ्या मिऱ्यासारख्या बिया पडलेल्या असतात. तेरड्याची शेंग पिकली, की बोट लागताच फट्‌कन फुटते आणि बिया उडतात. म्हणून ती किंचित पिवळी झाल्यावर मुठीत धरूनच तोडावी. सदाफुलीच्या बारीक शेंगांत मोहरीपेक्षा लहान काळे दाणे असतात. चिनी गुलाबाला तर बीही नको. त्याचा बोटभर तुकडा मातीत खोचला, की चार-आठ दिवसांत मुळे धरतो.

अशा खोचलेल्या फांदीला कलम म्हणतात. तुम्ही लिहिता तीही कलमच. पूर्वी बोरूची कलम तिरकी छाटून लिहीत असत. गुलाबाची किंवा जास्वंदाची फांदीही खालच्या बाजूला तशीच तिरकी छाटून लावतात.

झेंडूच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी लागते. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचा मोठा उत्सव भरतो. त्या दिवसांत झेंडूचे ढीग बाजारात येतात आणि दसऱ्यानंतर वाळलेल्या माळा उकिरड्यावर पडतात. त्या माळांतून बी मिळते, पण ते सगळेच उगवत नाही. माळेसाठी फूल ताजे तोडतात, तेव्हा पुष्कळदा आतले बी भरलेले नसते. चांगले बी हवे असेल, तर झाडावरची दहा-बारा मोठी फुले तोडू नका. त्यांचा देठ तपकिरी होईपर्यंत ती तशीच वाळू द्या. फूल उकलले, की काळ्या काडीसारख्या आणि टोकाला पांढरट शेपूट असलेल्या बिया दिसतील. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरे पाहता अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. म्हणूनच एका झेंडूत इतक्या बिया सापडतात. आणखी एक गोष्ट. मूळ झाड संकरित वाणाचे असेल, तर त्याच्या बियांपासून आलेली झाडे हुबेहूब तशीच येत नाहीत. कोणी उंच होते, कोणी बुटके. कोणाचे फूल भरगच्च, तर कोणाचे विरळ. विक्रीसाठी हे चालत नाही. शाळेच्या ताटव्याला ते शोभूनच दिसते, असे मला वाटते.

गोळा केलेले बी किती चांगले आहे, हे आधीच कळू शकते. पेरणीपूर्वी शेतकरी सोयाबीनच्या शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवल्या ते मोजतात. तुम्ही दहाच बिया घ्या. ओल्या फडक्यात ठेवा आणि फडके वाळू देऊ नका. आठ दिवसांनी मोजा. दहापैकी सात-आठ उगवल्या, तर बी उत्तम. तीनच उगवल्या, तर बी फेकू नका. वीस रोपे हवी असतील, तर सत्तर बिया टाका. फुकटचे बी असल्याने हा हिशेब आपल्याला परवडतो.

झेंडूचे बी एकदम ताटव्यात न टाकता आधी रोपे करावीत. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, तेलाचे डबे, फुटकी घमेली, काहीही चालते. तळाला भोके पाडा. दोन भाग माती आणि एक भाग चाळलेले शेणखत भरा. बी अगदी वर, जेमतेम झाकेल एवढ्याच मातीत टाका. मुंग्या बी पळवतात, म्हणून भोवती राख पसरा. चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. या वेळी मुले उत्साहाने दिवसातून चार वेळा पाणी घालतात आणि रोपांची मान कुजून ती आडवी पडतात. माती वरून कोरडी दिसली, तरच पाणी घालावे. तीन-चार आठवड्यांत चार-पाच पाने आली, की रोप हलवण्याजोगे होते. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ पाहून ते ताटव्यात लावा. दसऱ्याला फुले हवी असतील, तर दसऱ्यापासून तीन महिने मागे मोजा आणि तेव्हा बी टाका. हा मुहूर्त चुकला, तर फुले येतील, पण सणानंतर.

लावण्याचा क्रम असा ठेवता येईल. मागच्या ओळीत गुलबक्षी दोन-दोन फुटांवर, म्हणजे ३० फुटांत १५ झाडे. तिच्यापुढे झेंडू दीड-दीड फुटावर, म्हणजे २० झाडे. मग तेरडा फूटभर अंतराने ३० आणि सर्वांत पुढे सदाफुली ३०. सारी मिळून ९५ झाडे झाली. काठाच्या उतारावर चिनी गुलाब सहा-सहा इंचांवर लावला, तर त्याचे आणखी ६० तुकडे. १५ रुपये भावाने नुसत्या ९५ रोपांचेच १४२५ रुपये झाले असते. सुरुवातीला ताटवा उघडा-बोडका दिसेल आणि मोकळ्या जागेत आणखी रोपे खुपसावीशी वाटतील. तो मोह आवरा. दोन महिन्यांत झाडे एकमेकांना भिडतात.

या रचनेत वेळेचाही विचार आहे. चिनी गुलाब सकाळच्या उन्हात उमलतो आणि दुपारनंतर मिटू लागतो. गुलबक्षी चार-पाच वाजता, शाळा सुटताना उमलते. तेरडा पावसाळा संपला, की वाळतो. त्याची जागा ऑक्टोबरात रिकामी होते; तिथे मेथी टाकावी. ताटव्यात भाजी कशी, असे विचारणाऱ्यांना मेथीची एक जुडी द्यावी.

झेंडू लावून तीन-चार आठवडे झाले, की त्याचा शेंडा खुडतात. वाढत्या झाडाचा शेंडा तोडायला मुलांचे मन होत नाही. पण शेंडा खुडल्यावर बाजूने फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला फुले येतात. एका झाडाचा शेंडा न खुडता ठेवा आणि दोन महिन्यांनी दोघांची फुले मोजा, म्हणजे खात्री पटेल.

झेंडूचा आणखी एक उपयोग आपल्या जिल्ह्याच्या कामाचा आहे. त्याच्या मुळांतील एका द्रव्याने जमिनीतले सूत्रकृमी मरतात. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, मुळांत शिरणारे धाग्यासारखे किडे. हळदीलाही त्यांचा उपद्रव होतो, म्हणून हळदीत झेंडू लावण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुम्ही ऐकले असेल. शेती आणि बाग यांविषयी काही शंका असेल, तर कळमनुरी तालुक्यात तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विचारता येते.

गंमत अशी, की आपण ज्यांना आपली म्हणतो, त्या फुलांपैकी बरीच परदेशी आहेत. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तो पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे आला. गुलबक्षी आणि चिनी गुलाबही अमेरिका खंडातूनच आले. नावात ‘चिनी’ असले, तरी त्या फुलाचा चीनशी संबंध नाही. सदाफुली मादागास्कर बेटावरची. तिच्या पानांपासून काढलेली औषधे रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. पण तिची पाने कोणी चघळू नयेत, ती विषारी आहेत. गुलबक्षीच्या बियाही तोंडात घालू नयेत. तेरडा मात्र अगदी इथलाच.

आता पाणी. कडक उन्हाच्या दिवसांत जमिनीवर रोज पाच मिलिमीटर पाणी पडावे, असे धरले, तर १२० चौरस फुटांच्या ताटव्याला सुमारे ५५ लिटर पाणी लागते. दहा लिटरच्या झारीने साडेपाच झाऱ्या. टंचाईच्या गावात एवढे पिण्याचे पाणी फुलांना घालणे योग्य होणार नाही. पण शाळेत जेवणाआधी शंभर मुले हात धुतात. एकेकाने अर्धा लिटर पाणी वापरले, तरी ५० लिटर होते. ते पाणी पाटाने ताटव्याकडे वळवावे. साबण फार वापरत असतील, तर एक दिवसाआड. मशिदीजवळ राहणाऱ्यांना वजूचे पाणी वळवता येते. त्यात साबण नसतो, त्यामुळे ते झाडांना उत्तम.

पाणी वाचवण्याचा दुसरा उपाय म्हणजे माती झाकणे. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी झाल्यावर भुसकटाचे ढीग पडतात. दोन इंच जाडीचा थर झाडांच्या बुडाशी पसरला, तर ओल टिकते, भेगा पडत नाहीत आणि तणही कमी येते. मग ऑक्टोबरच्या उन्हातही एक दिवसाआड पाणी पुरते.

मावा पडला, तर निंबोळीचा अर्क फवारावा. जून-जुलैत लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वाळवून ठेवा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी फडक्यातून गाळा.

पण किडीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे शेळी. महिन्याभराची मेहनत ती पाच मिनिटांत संपवते. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांचे कुंपण पहिल्याच दिवशी करावे, ‘उद्या करू’ म्हणू नये. सदाफुलीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनही ती पुढच्या ओळीत ठेवली आहे.

फेब्रुवारीपर्यंत झेंडू संपतो. बी काढून घ्या, सावलीत चार दिवस वाळवा आणि कागदी पाकिटात भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा राहून बुरशी येते. पाकिटावर फुलाचे नाव आणि वर्ष मराठीत व उर्दूत लिहा. आपल्याला लागेल तेवढे ठेवून उरलेले दुसऱ्या शाळेला द्या. एप्रिल-मेमध्ये ताटव्याला विश्रांती द्यावी. त्या उन्हात हट्टाने फुले फुलवण्यात पाणी घालवू नये. सदाफुलीला आठवड्यातून दोनदा पाणी पुरते. गुलबक्षीची झाडे तेव्हा वाळून जातात आणि ती मेली, असे समजून कोणीतरी ती जागा खोदायला निघतो. त्याला थांबवा. जमिनीखाली तिचे गाजरासारखे कंद जिवंत असतात आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर त्यांना आपोआप कोंब फुटतात.